पत्र्याआडचं कासव

माझ्या आईने आयुष्यात एकच प्राणी पाळला आणि तो मोबाइलमधला होता. खेळ बहुतेकांना ऐकून तरी माहीत असतो. रस्त्याने चालत राहायचं, पडद्यावर चित्रविचित्र प्राणी उगवतात, त्यांच्यावर चेंडू फेकून त्यांना पकडायचं, खाऊपिऊ घालून मोठं करायचं आणि मग दुसऱ्यांच्या प्राण्यांशी झुंजवायचं. माझी भाची नोकरीसाठी बंगळुरूला गेली तेव्हा जाता जाता तिने तो आजीच्या फोनवर घालून दिला. आजीची साखर वाढली होती, आणि "रोज चालत जा" हे डॉक्टरांचं वाक्य ती रेडिओवरच्या हवामानाच्या अंदाजासारखं ऐकून सोडून देत होती.

सुरुवातीला तीन प्राण्यांतला एक निवडावा लागतो. एक झाडपाल्याचा, एक आगीचा, एक पाण्याचा. पाण्याचं होतं ते निळसर कासव, दोन पायांवर उभं, शेपटीचं टोक गोल वळलेलं. आईने चष्मा पुसून तिघांकडे नीट पाहिलं.

"हे एकटंच ओळखीचं दिसतंय," ती म्हणाली.

तिचं माहेर वेंगुर्ल्याकडचं, अगदी समुद्रावरचं. थंडीत कासविणी तिथल्या वाळूत अंडी घालायला येत. त्या काळी गावात ती अंडी सर्रास खाल्ली जात, हे सांगताना तिचा आवाज जरा खाली येतो. तेव्हा या निवडीत थोडं प्रायश्चित्तही असावं असा माझा तर्क आहे. मी तो तिला बोलून दाखवलेला नाही, कारण उत्तर ठरलेलं आहे: "खुळी की काय गो तू!"

तीन वर्षांत ते कासव दोनदा रूप बदलून अवाढव्य झालं. पाठीच्या कवचातून दोन नळकांडी बाहेर आलेली, त्यातून पाण्याचे फवारे. मला ते महापालिकेच्या टँकरसारखं दिसायचं. आई त्याला "आमचा" म्हणायची. "आमचा आज तीन जणांना पुरून उरला," असं ती शेजारणीला सांगे, आणि शेजारणीला कित्येक महिने वाटत होतं की विषय माझ्या भावाचा आहे.

या खेळात अड्डे असतात. देऊळ, पुतळा, कारंजं असं काही असलं की ते नकाशावर अड्डा म्हणून दिसतं. मुलुंडमधल्या आमच्या जुन्या सोसायटीच्या आवारात शंकराचं लहानसं देऊळ होतं, तेही कुणीतरी नकाशावर घातलं होतं. खेळणारे तीन रंगांत वाटलेले असतात. आईचा रंग निळा. अड्डा आपल्या रंगाचा झाला की तिथे आपला एक प्राणी राखणीला ठेवता येतो. ठेवणं आपल्या हातात, परत आणणं मात्र नाही. लाल किंवा पिवळ्या रंगातल्या कुणीतरी तिथे यायचं, अड्ड्यापासून चाळीस पावलांच्या आत उभं राहायचं आणि त्याला तीनदा हरवायचं, तेव्हा तो घरी येतो. हा नियम मला पहिल्यापासून विचित्र वाटत आला. आईला नाही. "सासरी पाठवलेली मुलगी तरी आपण बोलावली म्हणून येते का?" ती म्हणाली. तिचा प्राणी दर दोन दिवसांनी मार खाऊन परत यायचा, ती त्याला औषध द्यायची आणि पुन्हा पाठवायची.

मग सोसायटी पुनर्विकासाला गेली. बारा वर्षांच्या सभा, तीन बिल्डर आणि एकमेकांशी न बोलणाऱ्या दोन समित्या, एवढं झाल्यावर आम्हाला घरं रिकामी करायची तारीख मिळाली. देव मंत्रघोषात आणि बेंजोच्या साथीने फाटकाबाहेरच्या एका शेडमध्ये हलवण्यात आला. नंदीही गेला. गाभाऱ्यासमोरचं संगमरवरी कासव मात्र जमिनीत सिमेंटने बसवलेलं होतं. ते काढताना फुटेल म्हणून तिथेच राहू दिलं.

निघायच्या दिवशी टेम्पो भरून झाला तरी आई देवळासमोरून हलेना. फोन काढून काहीतरी करत होती.

"काय चाललंय?"

"आमच्याला ठेवला राखणीला."

"देव गेला की आई."

"जागा आहे ना. तिला कुणी नको?"

टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. दोन दिवसांत कुणीतरी हरवेल आणि येईल परत, असं तिलाही वाटलं आणि मलाही. आम्हा दोघींना एक गोष्ट सुचली नाही. दुसऱ्याच दिवशी संपूर्ण आवाराभोवती बारा फूट उंचीचे निळे पत्रे ठोकले गेले. आवार सात इमारतींचं, देऊळ बरोबर मध्ये. पत्र्याबाहेर कुठेही उभं राहिलं तरी ते चाळीस पावलांत येत नाही. मी नंतर चारही बाजूंनी फिरून पाहिलं.

आम्ही सात मिनिटांच्या अंतरावरच्या एका टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर भाड्याने राहायला गेलो. लिफ्ट आहे, तर आता आईचा झिजलेला गुडघा बदलून घ्यावा असं ठरलं. ऑपरेशन चांगलं झालं. पंधराव्या दिवशी टाके निघाले आणि फिजिओथेरपीची बाई घरी येऊ लागली. तिने एक प्लास्टिकची कोनमापकासारखी पट्टी आणली होती. गुडघा किती अंश वाकतो ते मोजायची आणि वहीत लिहायची. सत्तर. सत्तर. बहात्तर.

"आजी, उद्यापासून खाली," ती एकदा म्हणाली. "पार्किंगमध्ये चालायचं, रॅम्प चढायचा. या हॉलमध्ये काही होणार नाही."

आई वेदनेने आधीच वैतागलेली. त्या सकाळी फोन उघडून पाहिला तर कासव अजून तिथेच. देवघरासमोरच्या खुर्चीत बसूनच ती फणकारली, "माझा तिकडे पत्र्यात अडकून पडलाय आणि मी इथे पार्किंगात फेऱ्या मारू? तो सुटेपर्यंत या दाराबाहेर पाऊल टाकणार नाही!"

बोलून झाल्यावर तिची नजर देवाकडे गेली. माझीही गेली. कोकणातल्या घरात वाढलेल्या कुणालाही पुढचं सांगायला नको. देवासमोर बोललेला शब्द हा दिलेला शब्द असतो, मग तो रागात निघालेला असो. अमुक झालं तर चालत दर्शनाला येईन, असा नवस मी पुष्कळ ऐकला होता. न चालण्याचा नवस प्रथमच ऐकला. देवानेही बहुधा प्रथमच ऐकला असेल.

संध्याकाळी मी म्हटलं, "शब्द मागे घे."

"घेऊन ठेवू खंय?"

"आई, तो खेळ आहे."

"खेळ आहे ते माका ठाऊक आहे. देव खेळ नाही ना?"

ग्रंथालयात पंचवीस वर्षं काढलेल्या बाईकडे अशा प्रसंगी संदर्भ भरपूर असतात आणि उपयोग एकाचाही होत नाही.

आठवड्याभराने ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांचा मला फोन आला. गुडघा आखडतोय. महिन्याभरात नव्वदच्या आसपास आला नाही तर भूल देऊन जबरदस्तीने वाकवावा लागेल. "पण त्यांचं वय आणि साखर बघता दोन महिन्यांत दुसऱ्यांदा भूल द्यायला मला आवडणार नाही," ते म्हणाले. डॉक्टर जेव्हा आवडीनिवडीची भाषा बोलू लागतात तेव्हा मला धडकी भरते. आईची मोठी बहीण भुलीतून उठली नव्हती. आईला मी सगळं जसंच्या तसं सांगितलं.

"आणि तेव्हा तुझ्या नवसाचं काय?" मी विचारलं.

"स्ट्रेचरवरून नेतील. त्यात पाऊल खंय पडता?"

म्हणजे तिने तिथवर विचार करून ठेवला होता. घाबरलेली होती, पण कलमं वाचून घाबरलेली.

मी पत्र्याच्या फाटकावर गेले. वॉचमन सज्जन होता. "मॅडम, साहेबांचं लेटर आणा." साहेब म्हणजे कोण ते त्यालाही नक्की माहीत नव्हतं. मग मी आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांना फोन केला. हे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, आणि पुनर्विकास सुरू झाल्यापासून घरातही जाकीट घालून बसतात असं ऐकलं होतं.

"आत काय राहिलंय तुमचं?"

"आईचं एक कासव."

"पितळेचं का? वास्तूचं?"

"नाही. मोबाइलमधलं."

मग ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "ताई, ती आता साइट आहे. नियमाप्रमाणे सभासदांना भूमिपूजनालाच प्रवेश. प्रमुख पाहुण्यांची तारीख मिळाली की कळवतो."

पाहुण्यांची तारीख मिळाली, मग रद्द झाली. दुसरी मिळाली, तीही रद्द झाली. प्रत्येक वेळी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हात जोडलेले फोटो यायचे आणि मी कॅलेंडरवर डॉक्टरांच्या तारखेपर्यंतचे दिवस मोजायचे. आई अकराव्या मजल्यावर, तिचं कासव पत्र्याआड आणि मी मधल्या सात मिनिटांच्या रस्त्यावर. तिघांनाही बाहेर काढणं एका माणसाच्या डायरीवर अवलंबून होतं, आणि त्या माणसाला आम्ही कुणीच ठाऊक नव्हतो.

भूमिपूजनाला आत गेल्यावर कासवाला हरवायला शत्रू लागणार होता. शेजारीपाजारी खेळणारं कुणी उरलं नव्हतं. तेव्हा बावन्नाव्या वर्षी मी तो खेळ माझ्या फोनवर घेतला आणि लाल रंग निवडला.

"शेवटी पोटच्या पोरीने लाल घेतला," आई म्हणाली, पण शिकवायला लागली. पाण्याच्या प्राण्याला वीज सोसत नाही, तेव्हा विजेचा प्राणी शोध. मला एक मेंढी सापडली, लोकरीत वीज साठवणारी. तिला मोठं करायचं म्हणजे चालायचं. ज्या बाईने चालायला हवं होतं ती खुर्चीत बसून मला चालवत होती. मी रोज सकाळी तासभर भटकायचे, परत आल्यावर आई माझा फोन घेऊन किती अंतर झालं ते बघायची आणि म्हणायची, "एवढंच? रिक्षा केलीस काय?"

तरी माझी मेंढी तिच्या कासवापुढे काहीच नव्हती, आणि त्याचं कारण आई स्वतः होती. अड्ड्यावरचा प्राणी दिवसागणिक मरगळत जातो. कुठूनही घरबसल्या त्याला फळं पाठवता येतात, की तो पुन्हा ताजातवाना. आई रोज संध्याकाळी दिवा लावल्यावर त्याला फळ पाठवत होती.

"आई, तू खाऊ घालायचं बंद कर. तो कमजोर झाला तरच मला हरवता येईल."

"उपाशी ठेवू?"

"आठच दिवस. पाहुण्यांची नवी तारीख मिळालीय."

"तुका काय जाता बोलूक."

पण तिने बंद केलं. दिवा लावून झाला की ती फोन उशीखाली ठेवायची आणि त्यावर डोकं ठेवून पडायची. कासवाच्या डोक्यावरचं, त्याचा जोम दाखवणारं लाल हृदय रोज थोडं रिकामं होत होतं. फिजिओची बाई रोज येत होती. चौऱ्याहत्तर. शहात्तर. डॉक्टरांच्या तारखेला चार दिवस उरले असताना एकदाचा भूमिपूजनाचा दिवस आला.

मी साडेदहाला आत गेले. आईला घरी हॉलमध्ये बसवलं होतं, फोनवर आम्ही बोलत राहणार होतो. माझ्या कानात इअरफोन, तिचा फोन स्पीकरवर. आवार ओळखू येत नव्हतं. साती इमारती पाडलेल्या, जेसीबीने महिन्याभरापूर्वीच खड्डे खणून ठेवलेले. त्यातला एक छोटा चौकोन पाहुण्यांसाठी पुन्हा बुजवून वर लाल माती पसरली होती, म्हणजे त्यांना ती खणता यावी. कुदळीला रिबन बांधलेली. देवळाच्या जागी मंडप होता आणि मी दुसऱ्या रांगेत, म्हणजे अड्ड्यापासून पंधरा पावलांवर.

फोन उघडला. कासव तिथे होतं. डोक्यावरचं हृदय काठोकाठ भरलेलं.

"आई."

"काय?"

"हा ताजातवाना कसा?"

तिने आधी घसा खाकरला. मग, "सकाळी घातली दोन-चार फळं."

"आठ दिवस थांबलीस आणि आज?"

"आज त्याला मार खायचा होता ना," ती म्हणाली. "उपाशीपोटी कसा खाईल?"

बोलले असते तर भांडले असते, आणि शेजारच्या खुर्चीवर अध्यक्षांच्या सौ. बसल्या होत्या. मी झुंज लावली. पहिल्या फेरीत मेंढी अर्ध्यात कोसळली. औषध दिलं, पुन्हा उतरवली. पाहुणे अजून आले नव्हते, त्यामुळे माझ्याकडे वेळ होता. पाहुण्यांच्या उशिराचा मला आयुष्यात झालेला हा एकमेव फायदा. चौथ्या प्रयत्नात कासव एकदाचं हरलं. हृदय तिसऱ्या हिश्शाने खाली आलं, आणि मी श्वास सोडतेय तोच पुन्हा वर चढलं; हार मोजली गेली, पण जोम परत आला.

"आई! तू घालतेयस?"

"हात गेला."

"हात गेला म्हणजे काय? इथे माझी औषधं संपत आलीत!"

सौ.नी माझ्याकडे वळून पाहिलं. "आईंची तब्येत बरी नाही का हो?" मी मान हलवली.

"नाही घालत आता," आई म्हणाली. "शप्पथ."

"शपथ नको घेऊस. एकीतून अजून बाहेर यायचंय. फोन फ्रिजवर ठेव आणि लांब जाऊन बस."

मला ऐकू येत होतं. खुर्ची सरकल्याचा आवाज, वॉकरच्या पायांची टकटक, आणि प्रत्येक टकटकीबरोबर तिचं "आई गं". फ्रिज हॉलच्या एका टोकाला, बाल्कनी दुसऱ्याला. मला ठाऊक होतं की बाल्कनीतून हा मंडप दिसतो. टकटक लांब गेली आणि थांबली.

तेवढ्यात पाहुणे आले. तुतारी वाजली, सगळे उठले, मीही उठले आणि उभ्याने झुंज लावली. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, मग दुसरी शाल, कारण पहिली चुकून पाहुण्यांच्या सचिवांना घातली गेली होती. कासव दुसऱ्यांदा पडलं. या वेळी हृदय वर आलं नाही. पाहुणे म्हणाले की मुलुंडशी त्यांचं नातं फार जुनं आहे, आणि बोलता बोलता दोनदा भांडुप म्हणाले. माझ्याकडे एकच औषध उरलं होतं. मेंढी लंगडत होती. कासव अंगावर पाणी सोडत होतं आणि मला त्याचा खरोखर राग येऊ लागला होता, आपल्याच माणसाचा येतो तसा. सुटायचंय ना तुला, मग पड की!

टाळ्या वाजल्या तेव्हा ते तिसऱ्यांदा पडलं. अड्डा राखाडी झाला, रिकामा.

"आई, बघ!"

टकटक सुरू झाली, बाल्कनीकडून फ्रिजकडे. इतकी सावकाश की पाहुण्यांनी लाल माती खणून कुदळ परतही दिली.

"आलाय," ती म्हणाली. "अगदी आडवा पडलाय."

"औषध दे."

"देतेय. तू ये आता. लाडवाच्या खोक्यासाठी थांबू नको."

मी थांबले नाही. टॉवरच्या फाटकातून आत शिरले तेव्हा ती लिफ्टच्या बाहेर पार्किंगमध्ये उभी होती. एकटी उतरली होती. फोन पदराच्या घडीत कमरेला खोचलेला, दोन्ही हात वॉकरवर.

"मी आल्यावर उतरायचं होतंस!"

"शब्द सुटला तर मग थांबायचं कित्याक? चल, किती खांब आहेत ते बघ."

खांब चौदा होते. पाचव्यापाशी ती रडायला लागली, दुखत होतं म्हणून. थांबली मात्र नाही. बांधकामवाल्यांपासून देवापर्यंत सगळ्यांना तिच्या माहेरच्या भाषेत शिव्या घालत ती चौदाव्या खांबापर्यंत गेली आणि मग वळून म्हणाली, "हे परत पण जायचं, नाही का?"

चार दिवस आम्ही सकाळ-संध्याकाळ तेच केलं. डॉक्टरांनी पट्टी लावली. शहात्तरवरून चौऱ्याऐंशी. त्यांनी वहीतली पानं मागेपुढे उलटली, भुलीच्या कागदावर सही करायला काढलेलं पेन खिशात ठेवलं आणि दोन आठवडे आणखी दिले. शेवटी गुडघा सत्त्याण्णववर जाऊन थांबला. भूल द्यावी लागली नाही. मधले आखडलेले दिवस मात्र परत मिळाले नाहीत. "एकशे वीस होऊ शकला असता," डॉक्टर म्हणाले. आईने विचारलं की पाटावर बसता येईल का. नाही. भरभर जिना उतरता येईल का. एकेक पायरी.

"म्हणजे वीस-पंचवीस मीच घालवले," ती रिक्षात म्हणाली.

मी म्हटलं, "तेवीस."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग फोन काढून रिक्षाच्या वेगाने काही पकडता येतंय का ते बघायला लागली. येत नव्हतं. तिने घराकडच्या पुलाच्या अलीकडेच रिक्षा थांबवली आणि आम्ही उरलेला रस्ता चालत गेलो.